हायब्रीडला लिफ्ट आणि मोठे टायर: अ‍ॅव्हरेज नेमकं कुठे गळतं?

मे महिन्यातल्या एका रविवारी ठाण्यातल्या आमच्या कासारवडवलीच्या सोसायटीत शेजारचा मुलगा पार्किंगच्या खांबाला टेकून स्वतःच्याच गाडीकडे नापसंतीने बघत उभा होता. नवीकोरी टोयोटा हायरायडर, स्ट्राँग हायब्रीड, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत मोटर आणि बॅटरीवरही चालणारी, सीटवरची प्लास्टिकं अजून निघाली नव्हती. "काका, बुटकी दिसते हो. टायर मोठे टाकतो आणि दीड-दोन इंच लिफ्ट करून घेतो. काय म्हणता?" योगायोग असा की आदल्याच रात्री टेक्सासहून भाच्याचा फोन झाला होता. त्याच्याकडे फोर्ड मॅव्हरिक, हायब्रीड पिकअप. त्याचाही तोच बेत आणि वर तोच प्रश्न: "मामा, मायलेजची वाट लागेल का?"

दोघांनाही मी एकच सांगितलं: आधी एक वही घे. टायर नंतर.

ज्यांनी पहिल्यांदाच हायब्रीड घेतली आहे आणि जी आहे त्यापेक्षा उंच, दणकट दिसावी अशी ज्यांची इच्छा आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी मेकॅनिक नाही. गाड्यांची हौस आहे आणि हिशेब ठेवायची खोड आहे, एवढंच.

गाड्यांबद्दल थोडं. आपल्याकडे हौशी लोक घेतात ते पिकअप म्हणजे टोयोटा हायलक्स आणि इसुझू व्ही-क्रॉस. दोन्ही डिझेलवर नाव कमावलेल्या. मॅव्हरिकसारखा पेट्रोल-हायब्रीड पिकअप ही अमेरिकेतली चीज. तिथे २०२२च्या मॉडेलपासून मिळतो: अडीच लिटरचं, पेट्रोल वाचवणाऱ्या अ‍ॅटकिन्सन सायकलचं इंजिन, सोबत मोटर, मिळून १९१ हॉर्सपॉवर, आणि बॅटरी जेमतेम १.१ किलोवॅट-तासाची. त्या २०२२च्या मॉडेलचा सरकारी चाचणीतला आकडा शहरात गॅलनला ४२ मैल, हायवेवर ३३. आपल्या भाषेत लिटरला साधारण १८ आणि १४ किलोमीटर. शहरात जास्त आणि हायवेवर कमी, हे उलटं गणित लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ठाण्यात रस्त्यावर दिसतात त्या हायब्रीड म्हणजे हायरायडर, ग्रँड विटारा आणि इनोव्हा हायक्रॉस. पण मॅव्हरिक काय आणि हायरायडर काय, आतली यंत्रणा एकाच घराण्यातली आहे. त्यामुळे भाच्याला सांगितलेलं शेजाऱ्यालाही लागू पडलं.

हायब्रीडला हे जास्त का झोंबतं

साध्या पेट्रोल गाडीत बरंचसं इंधन चाकांपर्यंत पोचतच नाही. माजिवड्याच्या सिग्नलला इंजिन नुसतं धडधडत उभं असतं, कापूरबावडीला ब्रेक मारला की कमावलेला वेग ब्रेकपॅडमध्ये तापून संपतो. हायब्रीड हीच गळती बुजवते. उभी असताना इंजिन बंद, ब्रेक मारताना मोटर उलटी फिरून बॅटरी भरते. म्हणजे आता जे पेट्रोल जळतं त्यातला आधीपेक्षा मोठा वाटा खरोखर गाडी ढकलण्यात जातो.

आणि मोठे टायर आणि लिफ्ट नेमकं हे ढकलणंच जड करतात. साध्या गाडीत हा वाढलेला बोजा बाकीच्या उधळपट्टीत लपून जातो. हायब्रीडमध्ये लपायला जागाच नाही. काटकसरीच्या घरात दुधाचा खर्च वाढला की लगेच कळतो, तसं.

पहिली पायरी: काही बदलायच्या आधी मोजा

ही पायरी लोक हमखास टाळतात आणि मग वर्षभर वाद घालत बसतात. टाकी फुल करा, पंपाच्या नोझलचा ऑटो-कट झाला की थांबा, "राउंड फिगर करू का" असं पंपवाल्याने विचारलं तर हात जोडून नाही म्हणा. मीटरवरचे किलोमीटर लिहा. टाकी पाव राहीपर्यंत चालवा, त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलवर पुन्हा ऑटो-कटपर्यंत भरा. किलोमीटर भागिले लिटर.

एका टाकीवर विश्वास ठेवू नका. ऑटो-कट कधी लवकर होतो, कधी उशिरा. तीस लिटरमध्ये एक लिटर इकडे-तिकडे झालं की झाला तीन टक्क्यांचा घोळ, आणि आपण जे शोधतोय तेच मुळात पाच-दहा टक्क्यांचं आहे. सलग तीन टाक्या मोजा आणि तिन्हींची एकत्र सरासरी काढा.

वहीत आणखी तीन गोष्टी लिहायच्या: एसी किती चालवला, रूट कुठला होता आणि टायरमध्ये हवा किती. मेमधला एसी आणि जुलैतला पाऊस या दोन्हींनी आकडा हलतो. त्यामुळे मेमध्ये जुने टायर मोजून जुलैमध्ये नवे मोजले तर टायरच्या नावावर पावसाचं पाप जातं. पेट्रोलचंही तसंच. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. दहा टक्के मिश्रणावरून वीस टक्क्यांवर आलं की लिटरमागे साडेतीन टक्क्यांच्या आसपास ऊर्जा तशीच कमी होते. दोन वर्षांपूर्वीच्या आकड्याशी आजचा आकडा ताडून टायरला शिव्या घालण्यात अर्थ नाही.

दुसरी पायरी: टायरवरचे आकडे वाचा

हायरायडरच्या टायरवर लिहिलेलं असतं २१५/६० आर १७. रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ६० टक्के, रिम १७ इंची. मग पूर्ण व्यास असा निघतो: रिम ४३१.८ मिलिमीटर, अधिक वर आणि खाली मिळून दोनदा १२९. म्हणजे सुमारे ६९०.

शेजाऱ्याच्या डोक्यात होता २२५/६५ आर १७. त्याचा व्यास ७२४. गंमत म्हणजे मॅव्हरिकला कंपनीतून येणारा टायर हाच! भाच्याला तो लहान वाटतो म्हणून त्याला २४५/६५ हवाय, म्हणजे ७५०. प्रत्येकाला शेजाऱ्याचं ताट मोठं दिसतं.

६९०चे ७२४ म्हणजे व्यासात पाच टक्के वाढ. पण जमिनीपासूनची उंची किती वाढली? अर्धीच. कारण वाढलेल्या व्यासाचा निम्मा भाग धुरीच्या, म्हणजे अ‍ॅक्सलच्या, वर जातो. पदरात पडले सतरा मिलिमीटर, म्हणजे एका बोटाची रुंदी. हे ऐकून शेजाऱ्याचा चेहरा पडला तो बघण्यासारखा होता.

आता खरी मेख. गाडीचा मीटर चाकाच्या फेऱ्या मोजतो, रस्ता मोजत नाही. चाक पाच टक्के मोठं झालं की तुम्ही १०५ किलोमीटर जाता आणि मीटर म्हणतो १००. अ‍ॅव्हरेज त्याच किलोमीटरवरून काढलेलं असतं, स्क्रीनवर असो वा वहीत. म्हणजे एक थेंबही जास्त न जळता अ‍ॅव्हरेज पाच टक्क्यांनी पडलेलं दिसतं. "मोठे टायर टाकले आणि लगेच दोनने अ‍ॅव्हरेज पडलं" अशा ज्या कहाण्या ऐकायला मिळतात, त्यातला एक तर इथेच गेलेला असतो.

यात जुन्या टायरची भर. घासून घासून नक्षी आठ मिलिमीटरवरून दोनवर आली की व्यास बारा मिलिमीटरने घटतो, म्हणजे पावणेदोन टक्के. तेव्हा मीटर किलोमीटर वाढवून सांगत होता. शिवाय घासलेला टायर नव्यापेक्षा हलका फिरतो. म्हणून घासलेल्या जुन्याशी कोऱ्या मोठ्याची तुलना केली की तोटा हमखास फुगून दिसतो.

यावर उपाय सोपा आहे. हायवेला जाताना फोनवरच्या जीपीएसचे किलोमीटर आणि मीटरवरचे किलोमीटर पन्नास-साठ किलोमीटरसाठी ताडून बघा. नाशिक हायवेवरच्या किलोमीटरच्या दगडांवरूनही हे होतं. जो गुणक निघेल तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि इथून पुढे मीटरच्या प्रत्येक आकड्याला त्याने गुणा.

हाच गुणक वेगालाही लागतो. कंपनीचा काटा सहसा खऱ्यापेक्षा थोडा जास्तच वेग दाखवतो. मोठे टायर ही गादी खाऊन टाकतात. समृद्धीवर मर्यादा १२०ची. काटा ११८ म्हणतोय म्हणून निर्धास्त राहिलात तर कॅमेऱ्याचं मत वेगळं पडू शकतं.

तिसरी पायरी: कोण किती ओढतंय ते किलोत बघा

इथे जरा रेंगाळू, कारण सगळे गैरसमज इथेच आहेत.

गाडी सपाट रस्त्यावर एकाच वेगाने चालली असताना तिला मागे ओढणारे दोघे: टायर आणि वारा. टायर फिरताना खाली चेपतो, वर आला की सुटतो, आणि या चेपण्या-सुटण्यात थोडी ऊर्जा गरम होऊन जाते. कंपन्या हायब्रीडला मुद्दाम असा टायर देतात ज्यात हे नुकसान कमी आहे. चांगल्या हलक्या टायरचा ओढ-गुणांक ०.००८ धरू, आणि जाड ठोकळ्यांच्या ऑल-टेरेनचा, म्हणजे कच्च्या रस्त्यावरही चालणाऱ्या टायरचा, ०.०११. गाडी माणसांसकट १४५० किलो. गुणाकार करा: पहिला टायर गाडीला ११.६ किलोच्या जोराने मागे ओढतो, दुसरा जवळपास १६. फरक साडेचार किलोच्या आत. हा फरक वेग कितीही असो, कमी-जास्त तेवढाच राहतो. पाटलीपाड्याच्या गर्दीत वीसच्या वेगाने जा नाहीतर समृद्धीवर शंभरने.

वाऱ्याचं तसं नाही. तो वेगाच्या वर्गाने वाढतो. अशा आकाराच्या गाडीला ताशी ३०ला वारा पावणेचार किलोच्या आसपास ओढतो, १००ला ४२ किलो, १२०ला ६०. साधारण पन्नास-पंचावन्नच्या वेगाला वारा आणि टायर बरोबरीत येतात. त्याच्या खाली टायर राजा, त्याच्या वर वारा.

लिफ्ट केली की वाऱ्याचा बोजा वाढतो. पोटाखालून जास्त हवा घुसते, तिथे सपाट काहीच नसतं, आणि झाकलेली चाकं उघडी पडतात. समजा वाऱ्याची ओढ पाच टक्के वाढली. ताशी ३०ला ती वाढ होते सुमारे दोनशे ग्रॅम. शंभरला दोन किलो. १२०ला तीन.

आता हे दोन्ही शेजारी ठेवा. घोडबंदर रोडच्या रोजच्या रांगेत लिफ्टची किंमत दोनशे ग्रॅम आणि ऑल-टेरेन टायरची साडेचार किलो. हायवेवरसुद्धा टायर लिफ्टच्या दुप्पट. लोक मात्र भांडतात लिफ्टवरून, आणि टायर दिसायला आवडला म्हणून घेतात. मॅव्हरिकसारखा चौकोनी, मागे उघडा हौदा असलेला पिकअप वाऱ्याला आधीच नडतो, आणि भाच्याचा रोजचा रस्ता ७० मैलांच्या वेगाचा, म्हणजे ताशी ११२ किलोमीटरचा. त्याला लिफ्टचा हिशेब आपल्यापेक्षा जास्त गंभीरपणे घ्यावा लागेल. त्याची गाडी शहरात ४२ आणि हायवेवर ३३ का देते, तेही यातच आलं. ब्रेकची ऊर्जा परत मिळवण्याचा फायदा शहरात, वाऱ्याचा मार हायवेवर.

पेट्रोलमध्ये किती? साडेचार किलोची जादा ओढ शंभर किलोमीटरभर सहन केली, इंजिनने इंधनातली ३५ टक्के ऊर्जा चाकाला दिली असं धरलं, तर शंभर किलोमीटरला जेमतेम ०.४ लिटर जास्त लागतं. आधी २२चं अ‍ॅव्हरेज असेल तर शंभराला ४.५५ लिटर लागत होते, आता ४.९५च्या जवळ. म्हणजे खरं अ‍ॅव्हरेज २०.२. आणि मीटरच्या चुकीमुळे स्क्रीनवर दिसणार १९.२. "तीनने पडलं" असं जे लोक सांगतात त्याची फोड ही अशी.

महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याला हा चार लिटरचा, म्हणजे चारशे-सव्वाचारशे रुपयांचा फटका. खरं सांगायचं तर एवढ्याने कोणी बुडत नाही. पण ज्या माणसाने हायब्रीड घेताना साध्या मॉडेलपेक्षा लाख-दोन लाख जास्त मोजले ते अ‍ॅव्हरेजसाठी, त्याने तेच अ‍ॅव्हरेज टायरच्या दुकानात सोडून यावं याची मला गंमत वाटते.

वजनाचं काय, असं हमखास विचारतात. "फिरणारं वजन चारपट धरायचं" असं कुठेतरी ऐकलेलं असतं. चारपट नाही. अगदी टायरच्या बाहेरच्या कडेवर असलेलं वजन वेग घेताना जास्तीत जास्त दुप्पट भासतं. चार टायर मिळून सोळा किलो वाढले तर फार तर ३२ किलो धरा. शाळेतून मुलीला घेतलं की गाडीत तेवढं वजन वाढतंच. शिवाय हायब्रीड ब्रेक मारताना यातलं थोडं परत मिळवते. वजनाचा बाऊ नको.

इंजिन लवकर का जागं होतं

या दोन्ही गाड्यांत गिअर बदलणारा गिअरबॉक्स नाही. एक ग्रहचक्री गिअर आहे, त्याला एका बाजूने इंजिन आणि दुसऱ्या बाजूंनी दोन मोटरी जोडलेल्या. लोक त्याला ई-सीव्हीटी म्हणतात. संगणक इंजिनाला हवं त्या फेऱ्यांवर ठेवू शकतो, त्यामुळे "मोठ्या टायरने गिअर लांब झाला, आता खालच्या गिअरमध्ये चालवा" हा जुना सल्ला इथे कामाचा नाही. पण चाक मोठं झालं की मोटरचा तोच पीळ रस्त्यावर पाच टक्के कमी जोराने उतरतो. तेवढाच जोर हवा तर मोटरला जास्त करंट लागतो, आणि बॅटरी चिमुकली आहे. हायरायडरची तर एक किलोवॅट-तासाच्याही आत. मग गायमुख घाटाच्या चढाला आधी जिथपर्यंत गाडी गुपचूप जायची, तिथे आता इंजिन आधीच घुरघुरतं. तुमच्या गाडीच्या स्क्रीनवर ईव्हीवर, म्हणजे नुसत्या मोटरवर, किती टक्के चालली ते दिसत असेल तर वहीत तोही रकाना करा. अ‍ॅव्हरेजच्या आधी तो आकडा बोलतो.

टायरवाल्याकडे

शेजाऱ्याला घेऊन कापूरबावडीच्या बाजूला एका दुकानात गेलो. जाताना बॅग मोजायचा हातातला काटा खिशात टाकला. दुकानातल्या भाऊंनी काळाकुळकुळीत ऑल-टेरेन टायर जमिनीवर आपटून दाखवला, त्याचा रबराचा वास अजून ताजा होता, आणि म्हणाले, "साहेब, ह्याने अ‍ॅव्हरेज पडत नाय, उलट वाढतं. चाक मोठं, एका फेऱ्यात गाडी जास्त पळते."

यात अगदीच खोटं नाही. जुन्या जीप-जोंग्याच्या काळात टॉप गिअर छोटा असायचा, हायवेवर इंजिन उगाच किंचाळायचं. मोठ्या चाकाने त्या फेऱ्या उतरायच्या आणि कधीकधी खरंच दोन पैसे वाचायचे. हायब्रीडमध्ये ते काम संगणक करतो, मोठं चाक लावून वाचवायला तिथे काही शिल्लक नाही. भाऊंना मी हे सांगितलं नाही. काटा काढला, गाडीचा जुना टायर आणि हा नवा, दोन्हींना दोरी बांधली आणि उचलून बघितले. शेजाऱ्याच्या हाताने. तीन-साडेतीन किलोंचा फरक त्याला काट्यावर दिसायच्या आधी खांद्याला कळला. मग मी त्याला अंगठ्याने नक्षीचे ठोकळे दाबून हलवायला लावले. जुन्यावर काही हललं नाही, नव्यावर ठोकळा वाकला. म्हटलं, हे वाकणं प्रत्येक फेऱ्याला होणार, त्याचंच बिल पंपावर येतं.

घ्यायचेच असतील तर काय बघायचं? आकारापेक्षा जात बघा. त्याच आकाराचा हायवे-टेरेन, म्हणजे मुख्यतः डांबरी रस्त्यासाठीच्या नक्षीचा, जाड कडेचा टायर खड्ड्यांना पुरतो आणि अ‍ॅव्हरेजला फारसा हात लावत नाही. हायरायडरला २२५/६० आर १७ घेतला तर व्यास ७०२, वाढ पावणेदोन टक्के, मीटरची चूक जवळपास नगण्य. बाजूवर लिहिलेला लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) आणि वेगाचं अक्षर मूळ टायरपेक्षा खाली नको. आणि पावसाळ्याचा विचार करा. जाड ठोकळ्यांचे टायर चिखलात छान, पण ओल्या डांबरावर ब्रेकचं अंतर बहुधा वाढतं. मानपाड्याच्या उड्डाणपुलावरून भर पावसात उतरताना पुढचा रिक्षावाला अचानक थांबला की तुमच्या टायरने माळशेज घाटात किती रुबाब केला होता ते कोणी विचारत नाही. मला स्वतःला चारशे रुपयांपेक्षा ही गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते.

चाकं पूर्ण वळवून, गाडी स्पीडब्रेकरवर तिरकी घेऊन, आत कुठे घासत नाही ना ते दुकानातच बघा. स्टेपनीही विसरू नका. पुढच्या धुरीवर एक मोठं आणि एक लहान असा संसार आला तर दोन चाकांच्या फेऱ्यांतला फरक सांभाळणारं डिफरन्शियल सतत कामाला लागतं.

लिफ्ट

लिफ्टच्या नावाखाली इथे दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक म्हणजे स्प्रिंगच्या वेटोळ्यांत अडकवायचे रबरी बफर. यांनी गाडी फारशी उचलली जात नाही, स्प्रिंग कडक होते, म्हणून भरल्या गाडीचं बूड कमी बसतं. दुसरे स्पेसर, म्हणजे स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या जोडखांबाच्या) डोक्यावर किंवा स्प्रिंगखाली बसवायच्या चकत्या. गाडी खरंच वर जाते ती यांनी.

मी हे चटके खाऊन शिकलोय. आधीच्या गाडीला स्पेसर बसवले, उत्साहात थेट अलिबागला निघालो, अलाइनमेंट "परत आल्यावर बघू" म्हणून राहिली ती राहिलीच. एका पावसाळ्यात पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने तारा दिसेपर्यंत घासले. बाहेरून बघितलं तर नक्षी झकास! गाडी उंच केली की चाकांची तोंडं किंचित फिरतात. फिरलेलं चाक सरळ लोळत नाही, थोडं खरवडत जातं. ते खरवडणं टायर खातं आणि पेट्रोलही. लिफ्टच्या दिवशीच अलाइनमेंट, आणि पाचशे किलोमीटरनंतर स्प्रिंगा बसल्या की पुन्हा एकदा. हायरायडरला आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मॅव्हरिकला मागे टॉर्शन बीम आहे, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारी एकच तुळई. तिथे अलाइनमेंटला जवळपास वावच नसतो, म्हणून मागे फार उंची देऊ नका.

दुसरं दुखणं धुरीचं. पुढच्या ड्राइव्हशाफ्टचे सांधे ठरावीक कोनात सुखात असतात. इंचापर्यंत बहुतेक गाड्या सहन करतात. त्याच्या वर गेलं की सांध्यावरचं रबरी बूट ताणतं, फाटतं, ग्रीस उडतं, आणि एक दिवस वळताना कटकट ऐकू येते.

हायब्रीडबद्दल दोन गोष्टी मेकॅनिकला तोंडाने सांगा, त्याला माहीत असेल असं गृहीत धरू नका. गाडी जॅकवर घेण्याआधी पूर्ण बंद, चावी लांब. डॅशवर 'रेडी' लिहिलेलं असताना इंजिन शांत असतं, पण गाडी जिवंत असते आणि मनात आलं की इंजिन सुरू होतं, मग हात कुठेही असो. आणि खाली नारिंगी केबल दिसली की तिला हात नाही, पान्याचा आधारही नाही. त्यात मोठ्या व्होल्टेजचा प्रवाह असतो.

कागद

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे नोंदणीपुस्तकातल्या आणि कंपनीच्या मूळ तपशिलाला सोडून गाडीत बदल करता येत नाही. २०१९च्या सुधारणेने कलम १८२-अ आलं, त्यात मालकाने बेकायदा बदल केला तर प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. लिफ्ट किट विकणारा हे सांगणार नाही. एमएच-०४ असो वा वाशीचं एमएच-४३, आधी आरटीओत विचारा. विमा कंपनीला मेल करून लेखी उत्तर घ्या, कारण अपघातानंतर सर्व्हेअर सगळ्यात आधी चाकांकडे बघतो. कंपनीने त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरियंटला दिलेला आकार हा सगळ्यात कमी कटकटीचा रस्ता.

बदलानंतर

एका वेळी एकच बदल. आधी टायर, तीन टाक्या मोजा, मगच लिफ्टचा विचार. दोन्ही एकदम केले तर कोणी किती खाल्लं ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. नवे टायर पहिले पाचशे किलोमीटर जरा जड फिरतात, ते वहीत धरू नका. हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, सकाळी गार टायरमध्ये. आकार बदलला असेल तर त्या लोडला किती हवी ते टायर कंपनीच्या तक्त्यात बघा. ऑफ-रोडवाल्यांचं बघून पाच-सहा पीएसआय उतरवलेले टायर घेऊन रोज नितीन कंपनीच्या सिग्नलपर्यंत जाणारा माणूस माझ्या ओळखीत आहे, आणि अ‍ॅव्हरेज मिळत नाही म्हणून तोच सगळ्यात जास्त ओरडतो.

लिफ्ट केली असेल तर गाडीतला कॅमेरा आणि रडार पुन्हा कॅलिब्रेट करावे लागतील का ते सर्व्हिस सेंटरला विचारा. आणि हेडलाइट. गाडी उंच झाली, विशेषतः पुढून, की झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

शेजाऱ्याने शेवटी २२५/६०चे हायवे-टेरेन टाकले आणि लिफ्ट दिवाळीपर्यंत पुढे ढकलली. पण हेडलाइटचं मी त्याच्याकडून आधीच करून घेतलं. रात्री पार्किंगच्या भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करून, झोताच्या वरच्या कडेवर भिंतीला काळी टेप चिकटवली. लिफ्टनंतर गाडी तिथेच उभी करायची आणि झोत टेपच्या वर जात असेल तर स्क्रूने खाली आणायचा. वॉचमन दर दोन दिवसांनी विचारतो, "ती पट्टी काढू का?" त्याला सांगितलंय, दिवाळीपर्यंत राहू दे.